जुनी ९११ कॉइलओव्हरवर नेताय? आधी हे वाचा

श्टुटगार्ट आणि आसपास राहणाऱ्या, जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. माझ्या १९८१च्या पोर्शे ९११ एससीला कॉइलओव्हर सस्पेन्शन बसवून देतो म्हणून एका गॅरेजवाल्याने साडेपाच हजार युरो घेतले आणि जे काम जिवाशी निगडित आहे नेमकं तेच केलं नाही.

फसवणूक कुठे झाली हे कळायला गाडी थोडी समजून घ्यावी लागेल. या पिढीच्या ९११ला कॉइल स्प्रिंग नसतेच. वजन पेलतात टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्या. पुढच्या दांड्या खालच्या आर्ममध्ये गाडीच्या लांबीच्या दिशेने असतात, मागच्या आडव्या नळीत. शॉक ॲब्सॉर्बरने फक्त हेलकावे थोपवायचे. त्यामुळे शॉक जिथे बॉडीला अडकतो, तिथला पत्रा गाडीचा कायमचा भार घेण्यासाठी बनवलेलाच नाही. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग शॉकभोवतीच असते, म्हणून टॉर्शन बार काढले की सगळा भार त्या जागेवर येतो. त्यात या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे! म्हणून जाड पत्रे वेल्ड करून त्या जागा मजबूत करणं हेच या कामातलं मुख्य काम. स्प्रिंगा काय, दिवसभरात बसतात.

हे सगळं त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. जोडायचे पत्रे हातात धरून त्यानेच मला समजावलं होतं आणि कोटेशनमध्ये वेल्डिंगचे पैसे वेगळे लावले होते. म्हणूनच मी याला निष्काळजीपणा म्हणत नाही. ही सरळ लबाडी आहे.

जर्मनीत असा बदल तपासून गाडीच्या कागदांवर चढवून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच रद्द होऊ शकते. त्यासाठी लागणारं टाइलेगुटआख्टन, म्हणजे त्या भागाचं तांत्रिक प्रमाणपत्र, त्याने फोटोकॉपी करून दिलं. ट्यूफच्या, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या, तपासनीसाने गाडी लिफ्टवर घेतली आणि टॉर्च मारून स्प्रिंगवरचा नंबर वाचला. तो कागदाशी जुळेना. मूळ प्रमाणपत्र काढून पाहिलं तर ते ९६४चं, म्हणजे ९११च्या नंतरच्या पिढीचं निघालं, जिला कारखान्यातूनच कॉइल स्प्रिंगा येतात. मॉडेल लिहिलेलं पान माझ्या प्रतीतून गाळलेलं होतं.

मग तपासनीसाने मागच्या शॉकच्या जागी लावलेला काळा थर बोटाने दाबला. नख आत रुतलं, इतका तो ताजा होता. खरवडल्यावर खाली कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे ओळीने दिसले आणि त्यावर जुना रंग जसाच्या तसा. तिथे वेल्डिंग झालं असतं तर तो रंग जळून गेला असता. ‘ही गाडी इथून चालवत नेऊ नका,’ एवढंच तो म्हणाला. पुढच्याच आठवड्यात बायको-मुलीला घेऊन मी श्वार्त्सवाल्डच्या घाटात जाणार होतो. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

आणखी एक. माझे मूळ टॉर्शन बार ‘भंगारात गेले’ म्हणे. काढलेले सुटे भाग परत मिळतील असं आधीच लिहून घ्या. वेल्डिंगचे फोटो काळा थर चढण्याआधीचेच मागा. स्प्रिंगवरचा नंबर प्रमाणपत्राच्या सगळ्या पानांशी स्वतः ताडा. बिलावर ‘सस्पेन्शन बदलले’ अशी एक ओळ चालवून घेऊ नका, प्रत्येक काम वेगळं लिहायला लावा. गाडीला एच नंबरप्लेट (जुन्या, ऐतिहासिक गाड्यांना मिळते ती) असेल तर ती टिकेल का, हे पैसे देण्याआधी तपासनीसालाच विचारा.

आणि गाडी थोडी खाली घेणं एवढाच हेतू असेल तर कॉइलओव्हरची गरजच नाही. मागच्या टॉर्शन बारला आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ दाते असतात. दोन्ही टोकं एकेक दाता विरुद्ध दिशांना फिरवली की कोन एका अंशाहूनही कमी बदलतो. उंची इतकी बारीक लावता येते.

असं कुणाच्या बाबतीत घडलंच तर रागाच्या भरात दुसरीकडे दुरुस्ती करून घेऊ नका. आधी स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल घ्या, मग गॅरेजला लेखी मुदत द्या. दुरुस्तीची संधी न देता गाडी दुसरीकडे दुरुस्त केली तर दावा कमकुवत होतो. गॅरेज मोटार व्यावसायिकांच्या इनुंगचं, म्हणजे संघटनेचं, सभासद असेल तर त्यांच्या लवादाकडे ग्राहकाला फुकट दाद मागता येते. माझं गॅरेज सभासद नव्हतं. दिलेली मुदत उत्तराविना संपली, त्यामुळे आता प्रकरण वकिलाकडे आहे.