स्कॅनकोड टूलकिट: लायसन्स बरोबर शोधतं, जुळवायचं काम आपलंच

लातुरातल्या शिकवणी वर्गांसाठी मी वर्डप्रेसचं एक प्लगइन चालवतो. फी भरली की मराठीत पीडीएफ पावती निघते आणि तीच नोंद क्लासवाल्याच्या गूगल शीटमध्ये जाऊन बसते. औसा रोडपासून उदगीरपर्यंत गिऱ्हाईक आहे. हेच प्लगइन वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत टाकायचं ठरलं. तिथला पहिलाच नियम असा की कोड, चित्रं, दुसऱ्याकडून घेतलेल्या लायब्रऱ्या, जे काही झिपमध्ये असेल ते जीपीएलशी, म्हणजे वर्डप्रेसच्या स्वतःच्या मुक्त लायसन्सशी, सुसंगत पाहिजे. ते तपासायला स्कॅनकोड घेतलं, कोणत्या फाइलला कुठलं लायसन्स आहे ते शोधणारं साधन.

एक क्लासवाले शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "सर, फुकटाचं हाय म्हणलाव ना, मग तपासलालाव काय?" त्यांना काय सांगणार! फुकट मिळालं तरी अटी असतातच.

स्कॅनकोड स्वतः ओपन सोर्स आहे, अपाची २.० लायसन्सचं. पायथनच्या पिपनं बसतं. सगळं काम आपल्याच लॅपटॉपवर होतं, कोड कुठंही अपलोड करावा लागत नाही; एकदा बसवलं की नेट गेलं तरी स्कॅन चालूच. वेग मात्र विचारू नका. दुसऱ्यांच्या लायब्रऱ्यांचा वेंडर फोल्डर मोठा असेल तर सुरू करून चहाला जावं. एकाच वेळी किती प्रोसेस चालवायच्या ते सांगता येतं, तेवढाच दिलासा.

पीएचपीच्या लायब्रऱ्या आणून देणाऱ्या कंपोजरमध्ये लायसन्सची यादी काढायची कमांड असते, मग हे कशाला? कारण कंपोजर फक्त पॅकेजनं स्वतःबद्दल जाहीर केलेलं सांगतो. स्कॅनकोड प्रत्येक फाइल उघडून आतला मजकूर वाचतं. आपण हातानं आणून अ‍ॅसेट्समध्ये टाकलेली जावास्क्रिप्ट कंपोजरला माहीतच नसते, ती इथं सापडते. अपवाद एकच: फाइल लहान करायला मिनिफाय करताना वरची कॉमेंट उडाली असेल, तर वाचायला काही उरत नाही आणि ती फाइल कोरी दिसते. कोरी म्हणजे मोकळी, असं समजू नये. उलट बाजूनं, रीडमीत सहज लायसन्सचा उल्लेख आला तरी हे 'अज्ञात लायसन्सचा संदर्भ' म्हणून ओळ टाकतं. असला कचरा हातानं निवडावा लागतो.

आता खरी गोष्ट. माझ्या अहवालात मोठी नावं दोन निघाली. पावतीसाठी एमपीडीएफ, लायसन्स 'जीपीएल २.० ओन्ली', म्हणजे फक्त दुसरी आवृत्ती. शीटसाठी गूगलचा पीएचपी क्लायंट, अपाची २.०. स्कॅनकोडच्या लेखी दोन्ही व्यवस्थित ओळखलेली. पण अपाची २.० मध्ये पेटंटबद्दल अशी कलमं आहेत जी जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत नाहीत, आणि ती आवृत्ती वरून जादा बंधनं घालू देत नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० जीपीएल ३ शी जमतं, २ शी नाही. वर्डप्रेस 'दोन किंवा पुढची' असल्यानं तीन निवडून सुटतं. एमपीडीएफला ती पळवाट नाही. म्हणजे वर्डप्रेसशी दोघांचंही जमतं, एकमेकांशी नाही!

ही गोष्ट स्कॅनकोड सांगत नाही. पॉलिसीची यामल फाइल देता येते, त्यात 'हे चालेल, हे नको' असे शिक्के मारता येतात, पण शिक्का एकेका लायसन्सवर बसतो, जोडीवर नाही. कुंडल्या दोन्ही काढून मिळतात, गुण जुळवायला आपणच बसायचं. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि एक तारा याचाच कापलाय.

पीडीएफची लायब्ररी बदलावी म्हटलं तर सैल लायसन्सची एक आहे, पण तिच्यात 'विद्यार्थी' शब्दाचा रफार आणि वेलांटी दोन्ही भरकटतात. पोरांच्या पावतीवर तसं छापून चालणार नाही. एमपीडीएफ जोडाक्षरं नीट बसवतं. त्यामुळं गूगलचा क्लायंटच काढला. शीटला नोंद पाठवायला वर्डप्रेसचं स्वतःचं रिमोट पोस्ट फंक्शन पुरतं, आणि गूगलकडं ओळख पटवायचं टोकन सही करायला फायरबेसची जेडब्ल्यूटी लायब्ररी आहे, तीन कलमी बीएसडी या सैल लायसन्सची. तिचं जीपीएलशी भांडण नाही. वेंडर फोल्डरही बराच हलका झाला, त्यामुळं पुढचा स्कॅन लवकर उरकला.

पावतीचा मुक्ता फॉन्ट ओएफएल या फॉन्टसाठीच्या मुक्त लायसन्सखाली आहे, तेही अहवालात बरोबर आलं.

तुमचं प्लगइन फक्त स्वतःच्या सर्व्हरवर चालत असेल आणि झिप कुणाला देत नसाल, तर एवढी घाई नाही. जीपीएलच्या अटी वाटप केल्यावर लागू होतात. (एजीपीएल असेल तर गोष्ट वेगळी, ते सर्व्हरवरच्या वापरालाही अटी लावू शकतं.) पण गिऱ्हाईकाच्या होस्टिंगवर झिप चढवून देत असाल तर ते वाटपच झालं, मग गिऱ्हाईक एक का असेना. अशांनी स्कॅनकोड जरूर बसवा. पाचपैकी चार तारे. अहवाल जेसनमध्ये काढा आणि त्यांच्याच वर्कबेंच या अहवाल बघायच्या अ‍ॅपमध्ये उघडा, नुसत्या डोळ्यांनी वाचवत नाही.