रेडिएशनने तोंड सोललं तेव्हा कामाला आलेलं एपिसिल – आमचा अनुभव

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला जिभेच्या कडेला कॅन्सर निघाला. आम्ही स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो, ऑपरेशन इथेच झालं आणि त्यानंतर रेडिएशनची ३३ सिटिंग, आठवड्यातले पाच दिवस. पहिले दोन आठवडे बरे गेले म्हणून आम्ही जरा निर्धास्त झालो आणि तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. आता तोंड आलं म्हणजे आपण बी-कॉम्प्लेक्स घेऊन दोन दिवसांत बरं होतं ते नाही हां, गालाच्या आतून आणि जिभेखाली साल निघाल्यासारखं लालभडक, त्यावर पांढरे चट्टे, आणि स्वतःची लाळ गिळायची म्हटलं तरी डोळ्यात पाणी. याला म्युकोसायटिस म्हणतात. तोंडाच्या आतलं अस्तर सारखं नवीन पेशी बनवत असतं आणि रेडिएशन नेमकं अशा भराभर वाढणाऱ्या पेशींनाच आधी गाठतं, त्यामुळे डोक्यामानेच्या रेडिएशनमध्ये हे जवळपास सगळ्यांनाच कमीजास्त होतं.

मीठ-सोड्याच्या गुळण्या चालू होत्या, पेनकिलर चालू होत्या, सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या त्या मऊभात मिक्सरला लावून परत गाळून द्यायच्या, तरी चार चमच्यांनंतर तो वाटी बाजूला सारायचा. वजन साडेसहा किलो उतरलं. नाकातून नळी घालायचं बोलणं सुरू झालं तेव्हा, म्हणजे चौथ्या आठवड्यात, एका नर्सने सहज विचारलं, तुम्ही एपिसिल लावत नाही का? आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं! मला तेव्हा खूप राग आला होता आणि अजूनही येतो, कारण ते दोन आठवडे आमचे उगाच गेले. त्यात फार्मसीत गेले तर स्टॉकमध्ये नाही, तीन दिवसांनी या.

तर एपिसिल म्हणजे तोंडातल्या जखमांवर थर धरणारं द्रव, वस्तू कशी असते ते सांगते. १० मिलीची छोटीशी बाटली, वर पंप आणि लांब नळी. आत पिवळसर तेलासारखं पातळ द्रव. एका वेळी एक ते तीन पंप, दुखतंय तिथे, दिवसातून दोन-तीनदा. जिभेने हलकेच सगळीकडे पसरवायचं आणि पाच मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी मोबाईलचा टॉर्च धरून बघत बसले होते. आधी नुसतं तेल लावल्यासारखं चकचकीत दिसलं, मग हळूहळू त्या लाल भागावर दुधावर साय धरते तसा पातळ थर धरला, आणि जीभ फिरवली तरी तो सरकेना. पाच मिनिटांनी त्याने पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, बोलणं तेव्हा बंदच होतं. त्या दिवशी त्याने अख्खी वाटी मऊभात खाल्ला, तूप घालून. सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

हे कसं होतं ते मी नंतर शोधून वाचलं, कारण कॅन्सरच्या माणसाच्या तोंडात काय घालतोय ते मला कळायलाच हवं होतं. यात औषध असं काही नाहीच! दोन मुख्य गोष्टी: सोयाबीनचं लेसिथिन, जे चॉकलेटच्या रॅपरवर लिहिलेलं असतं ना, त्यातलाच शुद्ध भाग, आणि ग्लिसरॉल डायओलिएट म्हणजे एक प्रकारची स्निग्ध वस्तू. सोबत थोडं अल्कोहोल वगैरे, त्यामुळे बाटलीत ते पातळ राहतं. तोंडात गेलं की लाळेतलं पाणी त्यात शिरतं. स्निग्ध रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, मग ते सगळे आपोआप शिस्तीत रचले जातात. वाहतं तर धड नाही आणि दगडासारखं घट्टही नाही, आत नेमकी रचना, याला लिक्विड क्रिस्टल म्हणतात. तो थर ओल्या अस्तराला चिकटतो आणि उघडी जखम झाकतो. साधी चिकटपट्टी ओल्या जागी टिकत नाही, आणि इथे ओल असल्यामुळेच ती तयार होते, हे वाचून मला खरंच भारी वाटलं.

एपिसिल तयार केलं ती कॅम्युरस ही कंपनी इथलीच, स्वीडनमधल्या लुंडची, १९९१ मध्ये सुरू झालेली. त्यांचंच ब्युव्हिडाल नावाचं इंजेक्शन आहे, अफूसारख्या ड्रग्जचं व्यसन सोडवायला, त्याला २०१८ मध्ये युरोपात मंजुरी मिळाली. त्यातही तीच करामत, फक्त तिथे स्निग्ध पदार्थात औषध असतं, कातडीखाली गेल्यावर शरीरातल्या पाण्याने त्याची जेल होते आणि औषध आठवडाभर किंवा महिनाभर हळूहळू झिरपत राहतं. हिरड्यांसाठी एलिझॉल नावाची, मेट्रोनिडॅझॉल या जंतू मारणाऱ्या औषधाची जेल होती तीसुद्धा याच जातीची. म्हणजे जखमेवर थरही तोच आणि औषधाची कुपीही तोच, या दिशेने पुढे खूप काही व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, एपिसिल जखम भरत नाही. ते झाकतं, दुखणं कमी करतं, भरायचं काम शरीरच करतं, आणि रेडिएशन संपल्यावरही ते भरायला काही आठवडे गेलेच. गुळण्या आणि पेनकिलर आम्ही बंद केल्या नाहीत. परिणाम आठ तासांपर्यंत राहतो असं कंपनी म्हणते, आमच्याकडे रात्री छान टिकायचं, दिवसा खाण्यापिण्याने थर निघून जायचा म्हणून आम्ही ते जेवणाला बांधून घेतलं: आधी साध्या पाण्याने गुळणी, मग पंप, पाच मिनिटांचा टायमर, मग वाटी समोर. अल्कोहोल आहे त्यामुळे लावताना क्षणभर झोंबतं, ते आधीच सांगून ठेवा म्हणजे पेशंट दचकत नाही. थंडीत खिडकीजवळ ठेवू नका, घट्ट होतं, फ्रीजमध्ये तर नकोच.

सोयाबीन किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर हे अजिबात वापरायचं नाही. आणि घरात कोणाचं तोंडाचं रेडिएशन सुरू होणार असेल तर तोंड येईपर्यंत थांबू नका, पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना नाहीतर नर्सला स्वतःहून विचारा की तोंडातल्या जखमांवर असा थर देणारं काय आहे तुमच्याकडे, आणि तेव्हाच मागवून ठेवा.