निर्यातीतले आपले किती? ‘टिव्हा’ विदासंचाचे भोसरीच्या हिशेबाने केलेले परीक्षण

भोसरी एमआयडीसीतल्या काही लघुउद्योजकांचा एक अभ्यासगट महिन्यातून एकदा जमतो. जीएसटीतले बदल, निर्यातीची कागदपत्रे, बँकांचे व्याजदर असे विषय तिथे निघतात आणि मी अर्थशास्त्र शिकवत असल्यामुळे मलाही अधूनमधून बोलावणे येते. अशाच एका बैठकीत गिअरशाफ्ट तयार करून युरोपला पाठवणाऱ्या एका ज्येष्ठ उद्योजकांनी विचारले, “मॅडम, निर्यात इतक्या कोटींनी वाढली असं पेपरात येतं. पण त्यातलं आपल्या देशात राहिलं किती, ते कुठं लिहिलेलं असतं का?” हा आकडा एका ठिकाणी लिहिलेला असतो. त्याच ठिकाणाचे हे परीक्षण आहे.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, आणि जागतिक व्यापार संघटना यांनी मिळून ‘ट्रेड इन व्हॅल्यू ॲडेड’ हा, म्हणजे व्यापारातल्या मालाचे मूल्य कोणत्या देशात किती तयार झाले ते मोजण्याचा, उपक्रम हाती घेतला आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याचा पहिला विदासंच प्रसिद्ध झाला. अभ्यासक त्याला ‘टिव्हा’ म्हणतात. मी प्रामुख्याने त्याची २०२३ सालची आवृत्ती वापरली आहे. तिच्यात ७६ देश, उरलेल्या जगाचा एक एकत्रित गट, ४५ उद्योग आणि १९९५ ते २०२० अशी वर्षे आहेत. संपूर्ण संच विनामूल्य आहे आणि त्यामागचे मूळ तक्तेही उतरवून घेता येतात. माझ्या दृष्टीने ही त्याची सर्वांत मोलाची बाजू आहे, कारण जो आकडा स्वतः पुन्हा काढून पाहता येत नाही त्यावर वर्गात किंवा उद्योजकांपुढे बोलणे मला अवघड जाते.

सीमाशुल्क खात्याकडे हा आकडा का नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. शिपिंग बिलावर मालाची पूर्ण किंमत लिहिली जाते. त्या किमतीतला किती भाग इथल्या मजुरीचा, किती नफ्याचा आणि किती बाहेरून आणलेल्या मालाचा, याची तिथे विचारणा नसते. चाकणजवळ घडवलेला एखादा भाग न्हावाशेव्याहून जर्मनीला गेला, तिथे इंजिनात बसला आणि ते इंजिन जुळणीसाठी पुन्हा चाकणला आले, तर त्या भागाची किंमत एकदा आपल्या निर्यातीत आणि दुसऱ्यांदा जर्मनीच्या निर्यातीत धरली जाते. या दुहेरी मोजणीचे सर्वांत गाजलेले उदाहरण आयफोनचे आहे. आशियाई विकास बँकेच्या टोकियोतील संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००९ सालच्या एका आयफोनचा उत्पादनखर्च १७८.९६ डॉलर धरला होता आणि त्यात चीनमधल्या जुळणीचा वाटा अवघा ६.५० डॉलर, म्हणजे सुमारे ३.६ टक्के, निघाला. व्यापाराच्या आकडेवारीत मात्र संपूर्ण फोन चीनची निर्यात म्हणूनच नोंदला जात होता.

टिव्हाचे गणित वासिली लिओन्तिएफ यांच्या आदान-प्रदान तक्त्यावर उभे आहे. या पद्धतीसाठी त्यांना १९७३ साली नोबेल पुरस्कार मिळाला. प्रत्येक उद्योग आपल्या शंभर रुपयांच्या उत्पादनासाठी दुसऱ्या कोणत्या उद्योगाकडून किती माल घेतो, हे या तक्त्यात मांडलेले असते. टिव्हामध्ये असे देशोदेशीचे तक्ते एकमेकांना जोडलेले आहेत. ७७ भूभाग आणि ४५ उद्योग म्हणजे ३,४६५ ओळी आणि तितकेच स्तंभ. एवढ्या मोठ्या सारणीवरून व्यस्त सारणी (इन्व्हर्स मॅट्रिक्स) काढली की साखळीतली प्रत्येक मागची पायरी आपोआप मोजली जाते.

‘मागची पायरी’ म्हणजे काय, ते त्या ज्येष्ठ उद्योजकांच्या टेबलावर बसूनच आम्ही पाहिले. समजा, शाफ्टची निर्यात किंमत १,००० रुपये आहे. त्यात पोलादाच्या गोल सळईचे ३८०, इन्सर्ट (धातू कापणाऱ्या हत्याराची बदलायची टोके) आणि कटिंग ऑइलचे ६०, बाहेर जॉबवर्कला दिलेल्या हीट ट्रीटमेंटचे ९० आणि पॅकिंग-वाहतुकीचे ७० रुपये धरले, तर मजुरी, व्याज, घसारा आणि नफा यांसाठी ४०० उरतात. कॉस्टिंग शीटवर थेट आयात केलेली वस्तू एकच दिसते, ती म्हणजे कार्बाइडचे इन्सर्ट. त्यामुळे त्यांचा पहिला अंदाज होता की परकीय वाटा चार-पाच टक्क्यांच्या वर जाणार नाही. पण सळई देशी कारखान्याची असली तरी त्या कारखान्याच्या झोतभट्टीत जाणारा कोकिंग कोळसा मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातून येतो. मिश्रधातूंसाठी लागणाऱ्या काही धातूंची आयात करावी लागते आणि मालट्रकमधले डिझेल बहुतांशी आयात केलेल्या कच्च्या तेलाचे असते. देशी म्हणून लिहिलेल्या ३८० आणि ७० रुपयांच्या आत परदेश असा दडलेला असतो. तो बाहेर काढायचा तर पुरवठादाराच्या पुरवठादारापर्यंत जावे लागते आणि ते काम कोणत्याही एका कारखान्याच्या आवाक्यातले नाही. व्यस्त सारणी ते एका फेरीत करते. हा मुद्दा त्या टेबलावर उलगडला तेव्हा मला स्वतःलाही या साधनाची खरी ताकद नव्याने जाणवली.

टिव्हाच्या आधीही हे काम झालेले आहे. २००१ मध्ये हमेल्स, इशी आणि यी यांनी निर्यातीतला आयात अंश मोजण्याचे सूत्र मांडले. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘डब्ल्यूआयओडी’ हा संच तयार झाला. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत ४३ देश आणि ५६ उद्योग असून मालिका २०१४ ला थांबते. त्याची कागदपत्रे इतकी स्वच्छ आहेत की शिकण्यासाठी मी आजही विद्यार्थ्यांना आधी तोच देते. ‘इओरा’ या आणखी एका संचात सुमारे १९० देश आहेत, पण लहान देशांचे बरेचसे आकडे अंदाजाने भरलेले असल्यामुळे ते जपून वापरावे लागतात. भारतासाठी मी टिव्हालाच पसंती देईन.

आता पुण्याच्या अडचणीकडे येते, कारण आमच्या गटाचा सर्वाधिक वेळ तिथेच गेला. टिव्हातले ४५ उद्योग आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार पाडलेले आहेत आणि पुण्यातला ‘वाहन उद्योग’ त्या वर्गीकरणात एका जागी सापडत नाही. मोटारी, मालवाहू वाहने आणि त्यांचे सुटे भाग विभाग २९ मध्ये येतात. मोटारसायकल आणि स्कूटर विभाग ३० मध्ये, म्हणजे जहाजे, विमाने आणि रेल्वेचे डबे यांच्या सोबत बसतात. फोर्जिंग स्वतंत्र व्यवसाय म्हणून केले तर ते विभाग २५ मध्ये आणि ओतकाम विभाग २४ मध्ये जाते. त्यामुळे आकुर्डीच्या परिसरात दुचाकीशी बांधलेल्या पुरवठादाराने ‘मोटार वाहने’ असे नाव वाचून आकडा उचलला, तर तो दुसऱ्याच धंद्याचा आकडा असतो. आमच्या गटातल्या तिघांनी सुरुवातीला नेमके हेच केले होते. प्रत्येकाने आपल्या जीएसटी बिलावरच्या एचएसएन क्रमांकावर, म्हणजे वस्तूच्या क्रमांकावर, विसंबून न राहता आपला कारखाना या वर्गीकरणाच्या कोणत्या विभागात पडतो हे आधी शोधावे, असा माझा आग्रह आहे. त्याला अर्धा तास लागतो, पण तो वाचवून चालत नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. तक्ता असे गृहीत धरतो की एका उद्योगातले सर्व कारखाने एकाच कृतीने माल बनवतात, मग तो देशात विकायचा असो की बाहेर पाठवायचा असो. भोसरीत हे खरे नाही. परदेशी ग्राहक अनेकदा पोलाद कोणत्या कारखान्याचे घ्यायचे हे मंजुरीपत्रातच लिहून देतो आणि मंजूर यादीतला कारखाना बऱ्याचदा परदेशातला असतो. तोच शाफ्ट देशातल्या ट्रॅक्टरसाठी करताना इथली सळई चालते. अशा वेळी निर्यातीच्या शाफ्टमधला परकीय वाटा तक्त्यातल्या सरासरीपेक्षा जास्त असतो. चीन आणि मेक्सिको यांच्या बाबतीत ओईसीडीने ही अडचण ओळखून निर्यातप्रधान उत्पादन वेगळे काढले आहे. भारताचा तक्ता मात्र एकसंध आहे. खरे तर आपल्याकडे त्यासाठी कच्चा माल तयार आहे. ॲडव्हान्स ऑथरायझेशनखाली शुल्कमुक्त आयात करणारा प्रत्येक निर्यातदार कोणत्या निर्यातीसाठी किती आयात वापरली, याचा हिशेब परकीय व्यापार महासंचालनालयाला देतच असतो. या नोंदी सांख्यिकी मंत्रालयाच्या पुरवठा-वापर तक्त्यांशी, म्हणजे कोणता माल कोणी पुरवला आणि कोणी वापरला हे दाखवणाऱ्या तक्त्यांशी, जोडल्या गेल्या, तर भारताचा आकडा पुष्कळ अचूक होईल, असे मला मनापासून वाटते.

‘देशांतर्गत मूल्यवर्धन’ या शब्दांचा अर्थही नीट समजून घ्यावा लागतो. त्या ज्येष्ठांच्या शेडमधली सीएनसी यंत्रे जपान आणि तैवानची आहेत. यंत्र ही भांडवली वस्तू असल्यामुळे तिची आयात मधल्या आदानांत धरली जात नाही आणि तिचा घसारा सरळ देशी मूल्यवर्धनात मिळतो. तसेच परदेशी मालकीच्या कंपनीने चाकणमध्ये कमावलेला नफा पुढे मायदेशी पाठवला गेला, तरी टिव्हाच्या लेखी तो भारतातच निर्माण झालेला असतो. म्हणजे आकडा सांगतो की मूल्य कुठे तयार झाले. ते शेवटी कोणाच्या हातात राहिले, हे तो सांगत नाही. “राहिलं किती” या मूळ प्रश्नाला टिव्हा म्हणूनच निम्मे उत्तर देते. उरलेल्या निम्म्यासाठी ओईसीडीचाच बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयीचा वेगळा विदासंच आहे. त्यात परकीय आणि देशी मालकीचे उत्पादन वेगळे दाखवले आहे.

एक गोष्ट मात्र टिव्हामुळे इतकी स्पष्ट दिसते की तिच्यासाठीच हा संच उघडून पाहावा. कारखान्याच्या निर्यातीत सेवांचा वाटा किती आहे, ते इथे कळते. तक्ते मूळ किमतींवर, म्हणजे व्यापार आणि वाहतुकीचा खर्च वगळून उत्पादकाला मिळणाऱ्या किमतींवर, बेतलेले असल्यामुळे व्यापारी कमिशन आणि वाहतूक त्या-त्या सेवाक्षेत्राकडे वळवली जातात. संगणकसेवा, आरेखन, विमा आणि बँका यांचे योगदानही वस्तूच्या किमतीतून बाहेर काढले जाते. जर्मन मोटारीसाठी हिंजवडीत लिहिलेले सॉफ्टवेअर आपल्या खात्यात सेवांची निर्यात म्हणून दिसते. ती मोटार पुढे अमेरिकेत विकली गेली, तर त्या विक्रीत भारताचे किती मूल्य गेले, हेही टिव्हामध्ये शोधता येते. साखळीतल्या या पुढच्या सहभागाचा विचार आमच्या गटात त्याआधी कोणीच केला नव्हता.

वापराच्या सोयीबद्दल थोडक्यात सांगते. संकेतस्थळ इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये आहे. निर्देशकांची नावे सांकेतिक आहेत आणि ती अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे जातात. रकमा चालू किमतींनुसार दशलक्ष डॉलरमध्ये असल्यामुळे रुपया घसरला की मालिकेचा अर्थ बदलतो, म्हणून रकमांपेक्षा टक्केवारी पाहावी. आवृत्ती २०२३ ची आणि शेवटचे वर्ष २०२० चे, हे अंतर मोठे आहे. शिवाय ते शेवटचे वर्ष महासाथीचे, त्यामुळे त्यावरून कल काढू नये. मी २०१९ पर्यंतचीच मालिका गटापुढे ठेवली.

आमच्या एका सभासदाने याआधी एका सल्लागार संस्थेला पैसे देऊन याच विषयावर अहवाल करून घेतला होता. त्यात सुट्या भागांच्या एकूण आयातीला निर्यातीने भागून आलेला आकडा ‘मूल्यसाखळीतील सहभाग’ म्हणून छापलेला होता. आयात केलेल्या भागांपैकी कितीतरी भाग देशातच विकल्या जाणाऱ्या गाड्यांत बसतात, हे त्यात लक्षातच घेतलेले नव्हते. त्या सभासदाने त्या आकड्याच्या भरवशावर पुरवठादार बदलण्याचा निर्णय जवळजवळ घेतला होता. टिव्हाचा विनामूल्य निर्देशक उघडून दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर त्याने तो थांबवला.

धोरणावर लिहिणारे पत्रकार, वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि उद्योगसंघटनांचे पदाधिकारी यांनी हा संच जरूर वापरावा. एकट्या कारखानदाराला त्यातून स्वतःचा आकडा मिळणार नाही, महाराष्ट्राचाही मिळणार नाही, कारण राज्यनिहाय विभागणी त्यात नाही. आमच्या गटाने यातून वाट काढली आहे. प्रत्येकाने आपल्या कॉस्टिंग शीटमध्ये पुरवठादाराच्या नावापुढे मालाच्या मूळ देशाचा एक स्तंभ वाढवला आहे आणि पोलाद, रसायने, इंधन यांसारख्या देशी आदानांमधला परकीय वाटा टिव्हाच्या भारतीय आकड्यांवरून भरायचा ठरवला आहे. गिअरशाफ्टवाल्या काकांचा तक्ता सर्वांत आधी पूर्ण झाला. त्यांच्या पहिल्या चार-पाच टक्क्यांच्या अंदाजापेक्षा परकीय वाटा बराच अधिक निघाला. आता पुढच्या बैठकीत हीट ट्रीटमेंट करून देणाऱ्या शेजाऱ्यालाही बोलावून त्याच्या भट्टीच्या इंधनाची बिले पाहायचे ठरले आहे.