अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिन भागांवरील पांढरे डाग: लिंबूसत्व, पॉलिश की ब्लास्टिंग?

नागपुरात पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचे क्लच कव्हर पिठूळ पांढरे पडते, तेव्हा ते स्वच्छ करण्याचे मुख्यतः तीन मार्ग सुचवले जातात. त्यांपैकी कोणता निवडावा, हे डाग किती जुना आहे यापेक्षा तो भाग कुठे बसतो यावरून ठरवावे, असे माझे मत आहे. कारण बाहेरच्या कव्हरवर झालेली चूक केवळ डोळ्यांना खुपते, तर तेलाच्या वाटेत राहिलेला एक कण बेअरिंग खराब करू शकतो.

सुरुवात लिंबूसत्वाने करावी. ते इतवारीतल्या किराणा दुकानात स्वस्तात मिळते. भागावरील तेलकटपणा आधी रॉकेलने व साबणाने काढावा, मग एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून त्यात तो दहा-पंधरा मिनिटे बुडवावा आणि नायलॉनच्या किंवा पितळी ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावा. पांढरी भुकटी निघते, परंतु धातूला पडलेले खड्डे भरून येत नाहीत. हे काम सावलीत करावे. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या धातूवर द्रावण वाळले, तर त्याचेच नवे डाग पडतात. पितळेच्या भांड्यांना चिंच-मीठ लावण्याची घरची सवय येथे घातक ठरते, कारण मिठातील क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडते. न्हाणीघर धुण्याचे तेजाबही त्याच कारणाने वर्ज्य आहे. कॉस्टिक सोडा तर लावूच नये: तो धातूच खातो, त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो आणि पृष्ठभाग काळा पडतो.

मेटल पॉलिश केवळ कंपनीतूनच चकचकीत आलेल्या कव्हरसाठी योग्य आहे. त्यावर लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) थर असल्यास तो आधी उतरवावा लागतो. खरबरीत ओतीव भागावर मात्र पॉलिश छिद्रांत अडकून बसते.

खोलवर गंजलेल्या भागांसाठी ब्लास्टिंगला, म्हणजे दाबाने बारीक कण मारून पृष्ठभाग साफ करण्याला, पर्याय नाही. मात्र त्याच्या प्रकारांतला फरक नीट समजून घ्यावा. वाळूचा मारा अ‍ॅल्युमिनियमसाठी फार कठोर असतो आणि त्याची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना अपाय करते. काचेच्या मण्यांनी एकसारखा मंद पोत येतो, परंतु ते मणी तेलाच्या वाहिन्यांत व बोल्टच्या बंद छिद्रांत दडून राहतात. पाण्यासोबत मणी मारणारे ओले ब्लास्टिंग अधिक सौम्य असते. हिंगणा एमआयडीसीत जॉबवर्कसाठी विचारणा करताना तेच मागावे. क्रँककेस (इंजिनाचे मुख्य कवच) द्यायचा असेल, तर बेअरिंग व ऑइल सील आधी काढावेत आणि परत आल्यावर प्रत्येक वाहिनी गरम साबणपाण्याने धुऊन हवेच्या दाबाने साफ करावी. गॅस्केट (दोन भागांमधली सांधपट्टी) जिथे बसते त्या बैठकीवर काथ्या किंवा सॅन्डपेपर फिरवू नये.

कार्ब्युरेटर मात्र वेगळा ठेवावा: अनेक कार्ब्युरेटरांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, तिच्यावर लिंबूसत्वही लवकर काम करते, म्हणून दोन-तीन मिनिटांतच ती बाहेर काढून पाहावी.