दंडाच्या हाडात नेल: सरळ की बाकदार?

दंडाचं हाड मोडलं की बाहेरून प्लेट (धातूची पट्टी) लावायची की हाडाच्या पोकळीत नेल (धातूचा दांडा) घालायचा, हा वाद इथे नको. नेल ठरलाय असं धरू: हाड दोन ठिकाणी मोडलंय, किंवा कॅन्सरने पोखरलंय, किंवा फ्रॅक्चर वरच्या भागात आहे. आता नेल सरळ घ्यायचा, की वरच्या टोकाला बाहेर बाक असलेला? मी दोन्ही वापरले आहेत. हे लिहितोय ते पहिला सेट मागवण्याआधी विचार करणाऱ्यांसाठी.

बाकदार नेलच्या सोयी खऱ्या आहेत. एन्ट्री (नेल आत घालायची जागा) ग्रेटर ट्युबरोसिटीच्या (हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूला असलेल्या उंचवट्याच्या) आतल्या कडेला, त्यामुळे अ‍ॅक्रोमिअन (खांद्यावरचं हाडाचं छप्पर) फारसं आडवं येत नाही. पेशंट जाड असला तरी दंड फार मागे न्यावा लागत नाही, आणि हेडचं (हाडाच्या सांध्यातल्या गोल माथ्याचं) कार्टिलेज (गुळगुळीत कूर्चा) बहुतांशी शाबूत राहतं.

अडचण कळते ती बंद करताना. सुप्रास्पायनेटसचा (हात बाजूने उचलणाऱ्या स्नायूचा) टेंडन हाडाला जिथे चिकटतो, नेमकी तीच ही जागा. तिच्या लगतच्या सेंटिमीटरभर भागाला रक्तपुरवठा मुळात कमी असतो, याकडे अमेरिकन सर्जन कॉडमनने 1934 मध्येच बोट दाखवलं होतं. धाग्यांच्या दिशेने चीर घ्या, दोन्ही कडांना स्टे टाके (कडा ओढून धरणारे) घाला, रीमरला (हाड आतून कोरणाऱ्या ड्रिलला) स्लीव्ह (संरक्षक नळी) लावा. एवढं करूनही शिवत शिवत हाडापाशी आलं की टाक्याला धरायला काही उरत नाही. तिथे हाडाला भोक, आणि कडेचे धागे रीमरने कुरतडलेले. वरचे टाके छान बसतात, शेवटचा निसटतो. माझा कल ठरला तो या निसटणाऱ्या टाक्यामुळे.

मग फॉलो-अपला एक्स-रे सुंदर असतो आणि बाई विचारतात, "हाड जुळलं म्हणता, मग वेणी घालायला हात का जात नाही?" सगळ्यांचंच असं होतं असं नाही, आणि साठी ओलांडलेल्यांचा कफ (खांद्याभोवतीच्या टेंडनचं वेष्टण) आधीच झिजलेला असू शकतो. तरीही माझ्याकडे ही तक्रार बाकदार नेलवाल्यांकडून जास्त आली.

सरळ नेलची एन्ट्री हेडच्या माथ्यावर, बायसेप्सच्या लाँग हेडच्या (दंडाच्या पुढच्या स्नायूच्या लांब टेंडनच्या) जरा मागे, कॅनॉलच्या (हाडाच्या पोकळीच्या) रेषेत. चीर अर्थातच सुप्रास्पायनेटसमधूनच जाते, पण आतल्या, मांसल भागाकडे. दोन्ही कडांना चांगला रक्तपुरवठा असतो, टाके धरतात, आणि हाडाला चिकटलेली पट्टी वाचते. शिवाय माथ्याखालचं हाड घट्ट असल्याने ठिसूळ हाडातही नेलच्या वरच्या टोकाला चांगली पकड मिळते.

किंमत आहेच. कार्टिलेजला भोक पडतं, म्हणून तरुण पेशंटमध्ये मी अजूनही थबकतो. नेल कार्टिलेजच्या खाली बुडलाच पाहिजे. जरा वर राहिला तर तो सांध्यात आणि अ‍ॅक्रोमिअनखाली घासणार, म्हणून सीआर्मवर (ऑपरेशनमध्ये वापरायच्या एक्स-रे यंत्रावर) एकाच व्ह्यूवर समाधान मानू नये. दंड बराच मागे न्यावा लागतो. वरच्या फ्रॅक्चरमध्ये त्याने हेड हलत नाही, नुसता खालचा तुकडा जातो. तिथे हेडमध्ये दोन जाड के-वायर (धातूच्या टोकदार तारा) घालून त्या हँडलसारख्या वापरल्या की माथा पुढे येतो. हे हातात बसायला थोडा वेळ लागतो.

लॉकिंगमध्ये (आडव्या स्क्रूंनी नेल हाडात पक्का करण्यात) दोघांत फार डावं-उजवं नाही. पुढून जाणारा स्क्रू बायसेप्सच्या खोबणीत शिरू शकतो, आणि अ‍ॅक्रोमिअनखाली 5 ते 7 सेंमीवर अ‍ॅक्झिलरी नर्व्ह (खांद्याच्या स्नायूची नस) असते. तिथे सुरी नको, बोथट टोकाने वाट करावी.

एक अपवाद मात्र पाहून घ्या. काहींच्या हाडाची ठेवणच अशी असते की कॅनॉलची रेषा वर वाढवली तर ती माथ्यावर न येता ट्युबरोसिटीकडे सरकते. मग सरळ नेलही टेंडनच्या त्याच पट्टीत घुसतो आणि त्याचा फायदाच जातो. चांगल्या बाजूच्या दंडाच्या एक्स-रेवर, शंका असेल तर सीटीवर, ही रेषा आधीच आखून बघता येते. ती बाहेर पडत असेल आणि हाड प्लेट पेलण्यासारखं असेल, तर मी बाकदार नेलकडे न वळता प्लेट लावतो.