आठ पोर्टांचा स्विच आणि चार पाय : सात महिन्यांनंतरचा हिशोब

भुसावळात लाईट जाणं ही बातमी नाही. दीपनगरचं औष्णिक केंद्र शेजारी, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बातमी अशी की गेल्या गुरुवारी लाईट आल्यावर मी पहिल्यांदाच नेटवर्क स्विचच्या (कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणारा डबा) ॲडॅप्टरची पिन हलवायला टेबलाखाली गेलो नाही.

मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरांचा छोटा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा गट, केला. तीन 'पाय ४' मॉडेलचे, आणि चौथा कपाटात पडलेला जुना ३ बी प्लस. नवीन कशाला घ्यायचा? या जुन्याचं इथरनेट (केबलचं नेटवर्क) यूएसबी २ वरून जातं, त्यामुळे सेकंदाला ३०० मेगाबिटच्या पुढे दम नाही. बाकीचे तिघे आरामात ९४० देतात. म्हणजे चार पाय, त्यातला एक लंगडा. चालतंय.

रचना साधी. हेड नोड, म्हणजे चौघांतला मुख्य पाय, वायफायने घरच्या राउटरला, केबलने स्विचला. बाकीचे तिघे फक्त स्विचला. पहिल्या दिवशी आतही राउटरचीच १९२.१६८.१ ही पत्त्यांची रेंज ठेवली आणि डेटाचं पाकीट कुठल्या दाराने बाहेर काढायचं हे हेड नोडला कळेना. मग आतल्या बाजूला १०.१०.१०.१ दिलं, डीएनएसमास्क या पत्ते वाटणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येकाच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) पत्ता बांधून टाकला, संपलं. तिघांना इंटरनेट मात्र मुद्दाम दिलं नाही. खाजगी म्हणजे खाजगी. काही इन्स्टॉल करायचं असेल तेव्हाच नॅट (हेड नोडमार्फत बाकीच्यांना इंटरनेट देणारी सोय) चालू करायचं आणि लगेच बंद. या शिस्तीचा मला फार अभिमान होता.

आता स्विच. जळगावला गोलाणीतल्या एका दुकानातून घेतला. पत्र्याची बॉडी, पंखा नाही, मे महिन्यातही तक्रार नाही. पण त्याची ॲडॅप्टरची पिन! सॉकेटमध्ये ती बसत नाही, नुसती टेकते. टेबलाला गुडघा लागला की आठही दिवे एकदम जातात. मी रबरबँडने वायर बॉडीला बांधली. अमळनेरची आत्या आली होती, मी टेबलाखाली पिन धरून बसलेला पाहून म्हणाली, "आते काय व्हयनं?" (अहिराणीत, आता काय झालं?)

व्हायचं ते दर वेळी लाईट गेल्यावर व्हायचं. लाईट आली की चारही पाय उठायचे, पण स्लर्ममध्ये (नोडना कामं वाटणारा प्रोग्राम) तिन्ही नोड डाऊन. जॉब रांगेत पडून. पिंग चालायचं, म्हणजे हाक मारली की नोड उत्तर द्यायचा, एसएसएचने लॉगिनही व्हायचं. पिंग चालतंय म्हणजे स्विच ठीक, हे एरवी मीच दुसऱ्याला सांगितलं असतं. पण पिनेचा राग डोक्यात, त्यामुळे दोष स्विचचाच.

पंचवीस किलोमीटर जाऊन दुकानदाराशी भांडलो. तो म्हणाला, "भाऊ, ॲडॅप्टर वॉरंटीत येत नाही." मी म्हणालो, ॲडॅप्टर नाही, स्विचच लाईट गेल्यावर खराब होतो. दोन चकरा आणि एक बिलाची झेरॉक्स, मग त्याने बॉडी बदलून दिली. ॲडॅप्टर तोच. घरी येऊन नवा स्विच लावला, हात लागलेच आहेत तर अपडेट म्हणून नॅट चालू केलं, आणि सगळे नोड गुणी बाळासारखे वर. अकरा दिवस उत्तम चालला. इथवरच लिहिलं असतं तर "जुना पीस खराब होता, बदलून घ्या" असं लिहिलं असतं.

मग दोन दिवस लग्नाला जायचं होतं. वीज वाचावी म्हणून सगळं नीट बंद करून गेलो. परत येऊन चालू केलं, तिन्ही नोड पुन्हा डाऊन. मी गाडीची किल्ली शोधत होतो, तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, जरा डेट टाईप करून बघा." हेड नोड म्हणाला गुरुवार. बाकीचे तिघे मंगळवारातच उभे.

पाय ४ ला काय किंवा ३ बी प्लसला काय, बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. बंद करताना शेवटची वेळ कार्डावर लिहून ठेवतो, उठल्यावर तिथूनच मोजायला लागतो. एकदम लाईट गेली तर कधीकधी जवळजवळ तासभर जुनी वेळ उचलतो, वर लाईट नव्हती तो वेळ वेगळाच. हेड नोडला वायफायवरून खरी वेळ मिळायची. तिघांना माझ्या शिस्तीमुळे फक्त नॅट चालू असेल तेव्हाच, म्हणून तर स्विच बदलला त्या दिवशी सगळं जुळलं. आणि स्लर्मची ओळखपत्रं तपासणारं मंज पाच मिनिटांपेक्षा जुनं काही घेत नाही. लॉगमध्ये 'एक्स्पायर्ड क्रेडेन्शियल' स्पष्ट लिहिलेलं होतं. लॉग वाचायला पैसे पडत नाहीत, पण मी पेट्रोल जाळलं.

चौघांना घड्याळं घेण्याची गरज नाही. डीएस ३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचं एकच मॉड्यूल हेड नोडला लावलं, दोनशेच्या आत आलं. हेड नोडवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम टाकून आतल्या रेंजला परवानगी दिली, आणि इंटरनेट नसलं तरी स्वतःच्या घड्याळावर वेळ वाटत राहा म्हणून लोकल स्ट्रॅटम १० ची ओळ घातली. कारण लाईट आल्यावर आमच्याकडे ब्रॉडबँड अर्धा तास उशिरा उठतं. तिघांना वेळेसाठी १०.१०.१०.१ एवढाच पत्ता. नॅट अजूनही बंदच.

तेव्हापासून पाच वेळा लाईट गेली, पाचही वेळा नोड आपोआप वर. म्हणजे स्विचला पाचपैकी साडेचार द्यायला हवेत. तीन देतोय. पिनेचा दीड कापला. तो पहिला पीसही धडधाकट होता हे दुकानदाराला अजून सांगितलेलं नाही. त्याने आधी नवा ॲडॅप्टर द्यावा. रबरबँड काल तुटला, दुसरा लावलाय.