दोन डायलचं गेज आणि व्हॅक्यूम पंप: गाडीच्या एसीसाठी घेतलेल्या संचाचा दोन उन्हाळ्यांचा अनुभव

हा संच घेण्याआधी मी एक उन्हाळा एसीत गॅस भरायच्या त्या छोट्या कॅनवर काढला. कॅनला एक नळी, नळीवर एकच डायल आणि डायलवर हिरवा पट्टा. काटा हिरव्यात आणायचा की झालं, असं त्यावर लिहिलेलं असतं. मी तसंच केलं. चार-पाच आठवडे गार हवा आली, मग पुन्हा गरम वारा. मागच्या सीटवर बसलेली आई काही बोलायची नाही, पण प्रत्येक प्रवासात काच खाली करायची. तेव्हा ठरवलं की गॅस जातो कुठे हे आधी शोधायचं.

संचात निळा-लाल डायलचं मॅनिफोल्ड गेज, तीन नळ्या, त्या गाडीला जोडणारे दोन कपलर आणि एक सिंगल स्टेज व्हॅक्यूम पंप आहे. निळी नळी लो साइडला (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या कमी दाबाच्या बाजूला), लाल हाय साइडला (त्यातून निघणाऱ्या जास्त दाबाच्या बाजूला), मधली पिवळी पंपाला किंवा कॅनला. माझ्या गाडीत आर-१३४ए हा एसी गॅस आहे. त्याचे दोन्ही कपलर वेगवेगळ्या मापाचे असतात, लो साइडचा १३ मिमी आणि हाय साइडचा १६ मिमी, त्यामुळे चुकून उलटे बसत नाहीत. आर-१२३४वायएफ हा दुसरा गॅस असलेल्या गाडीला हा संच बसत नाही. तो गॅस थोडा ज्वलनशील आहे आणि त्याचे कपलरही वेगळे असतात, म्हणून घेण्याआधी बॉनेटखालचं लेबल वाचा.

गेज लावलं तेव्हा गाडी बंद होती, बाहेर साधारण ३० अंश. सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असता तर दोन्ही काटे ९५ पीएसआयच्या आसपास थांबले असते, कारण बंद गाडीत दाब तापमानावर ठरतो. किती गॅस आहे यावर नाही. माझे काटे ४० वर होते, म्हणजे द्रव संपलेला. आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे: द्रव आहे तोवर गॅस निम्मा असो की पूर्ण, बंद गाडीतला काटा एकच आकडा दाखवतो. गाडी चालू केल्यावरही एकट्या लो साइडवर विसंबता येत नाही. कंडेन्सरचा, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा, पंखा बंद पडला असेल तर हाय साइडचा दाब चढत जातो, आणि एका डायलच्या कॅनला तो दिसतच नाही.

लीक सापडलं यूव्ही डायमुळे, म्हणजे गॅससोबत फिरणाऱ्या आणि यूव्ही दिव्याखाली चमकणाऱ्या रंगामुळे. कंडेन्सरच्या जोडावर दिव्याखाली हिरवट-पिवळा डाग चमकला. जोड उघडण्याआधी उरलेला गॅस एका गॅरेजमध्ये रिकव्हरी मशीनवर काढून घेतला. तो हवेत सोडू नका. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची ताकद १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे, आणि अनेक देशांत तो असा सोडणं बेकायदाही आहे. मग ओ-रिंग बदलली. सिस्टिम उघडलीच होती म्हणून ओल शोषणारा ड्रायरही नवा टाकला आणि जुन्यासोबत जेवढं तेल जातं तेवढंच पॅग तेल (कॉम्प्रेसरचं वंगण) घातलं.

आता पंपाबद्दल. पाऊण तास व्हॅक्यूम मारला, म्हणजे सिस्टिममधली हवा आणि ओल ओढून काढली, गेजचे नॉब बंद केले आणि मगच पंप थांबवला. हा क्रम उलटा झाला तर बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. अर्ध्या तासाने पाहतो तर काटा वर सरकलेला. एक अख्खी संध्याकाळ मी गाडीतलं लीक शोधत होतो. शेवटी दोन्ही कपलर गाडीवरून काढले, बंद केले आणि नुसत्या नळ्यांवर व्हॅक्यूम मारला, तरी काटा सरकला. दोष संचातच होता: लाल कपलरमधली रबरी रिंग नीट बसलेली नव्हती. रिंग बदलल्यावर काटा तासभर हलला नाही. म्हणून नवा संच आला की पहिला व्हॅक्यूम नळ्यांवरच मारून बघा. एवढ्यासाठी मी एक गुण कापतो. पंप स्वतः दणकट आहे. पहिल्या वापरानंतर त्याचं तेल दुधी झालं, म्हणजे सिस्टिममधली ओल बाहेर आली होती. ते लगेच बदललं.

गॅस मात्र गेज बघून नाही, वजन करून भरला. लेबलवर ४२० ग्रॅम होते. वजनकाट्यावर कॅन ठेवून मोजत गेलो आणि नळीत अडकणारे थोडे ग्रॅम हिशेबात धरले. गॅस उघडण्याआधी पिवळ्या नळीतली हवा काढा. व्हॅक्यूममुळे सुरुवातीचा बराच गॅस आपोआप ओढला जातो, बाकीचा इंजिन आणि एसी चालू ठेवून, फक्त निळ्या बाजूने, कॅन उभा धरून. कॅन उलटा केला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जाऊन तो मोडू शकतो. लाल नॉबला तेव्हा हातही लावू नका, हाय साइडचा दाब कॅन फोडू शकतो. कॅन थंड पडून गॅस मंदावला की मी तो कोमट पाण्यात ठेवला. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच, कारण उघड्या हवेत हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो.

शेवटी बाहेर ३४ अंश असताना निळा काटा ३५ वर, लाल २१० वर आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीतली हवा ७ अंश. यंदाच्या उन्हाळ्यात गेज पुन्हा लावलं, काटे जवळपास तिथेच आहेत.

आणखी एक तक्रार: डायलवर तीन-चार गॅसचे तापमानाचे पट्टे एकमेकांना चिकटून छापलेत, बॉनेटखालच्या अंधारात चुकीचा पट्टा वाचला जातो. मी आर-१३४एच्या पट्ट्यावर रंगाची बारीक खूण केली आहे.

लीक बंद करणारं रसायन मिसळलेले कॅन घेऊ नका. ते पुढे रिकव्हरी मशीन खराब करतं आणि गॅरेजवाले अशी गाडी घ्यायला तयार होत नाहीत. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा संच उघडूच नका. तिथला कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, त्याला वीज न वाहणारं वेगळं तेल लागतं, आणि माझ्या नळ्यांमध्ये आता पॅगचा अंश कायमचा आहे.